साडेसातला वाघ सुटतील

आबांच्या तोंडी पक्षी कधी उडाला नाही. पक्षी सुटायचा. बगळा आत्ताच सुटला, घार पाण्याच्या टाकीवरून सुटली, पोपट सुटले पण लगेच माघारी आले, बहुतेक पुढे रस्ता बंद असेल. सगळं आयुष्य लाल गाडीत कंडक्टर म्हणून काढलेल्या माणसाला जगात दोनच क्रियापदं पुरतात, सुटणे आणि लागणे. पहाटे नाल्याकाठच्या बाभळीवर एखादा कोतवाल शेपूट हलवत बसलेला दिसला की आबा हात आडवा करून आम्हाला थांबवायचे आणि हळू आवाजात सांगायचे, "लागलाय. अजून सुटायचाय. घाई करू नका."

आमची कॉलनी धुळ्यात देवपूरच्या पार टोकाला आहे. शेवटच्या घरापुढे मोकळा प्लॉट, प्लॉटपलीकडे नाला, नाल्याकाठी बाभळी, बोरी आणि एक भलीथोरली चिंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत धुळ्यात मुलांना घेऊन जायचं कुठे, हा ज्याच्या त्याच्या घरातला भांडणाचा विषय असतो. सकाळी नऊनंतर बाहेर पडायची सोय नाही आणि घरात कूलरसमोरची जागा एकच. आम्ही जळगावहून इथे बदलून आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात त्या जागेवरून माझ्या दोन मुलांनी एकमेकांना चावून ठेवलं होतं. तेव्हा शेजारच्या बाईंनी सुचवलं, "रविवारी आबांच्या फेरीला पाठवा की." मी म्हटलं, छान, पाठवते आणि झोपते. त्या हसल्या. का हसल्या ते रविवारी पहाटे कळलं.

आबांच्या उन्हाळी निसर्गफेरीला मूल एकटं चालायचं नाही. "बिनपालकाचं मूल म्हणजे बेवारस सामान," ते म्हणायचे. "मी उचलणार नाही." त्यामुळे पहाटे साडेपाचला कॉलनीच्या फाटकाशी डोळे चोळणाऱ्या बापांची आणि गाउनवर ओढणी घेतलेल्या आयांची रांग लागायची. आबा खाकी शर्टात, गळ्यात जुनी चामड्याची बॅग, एका हातात तिकिटांना भोकं पाडायचा पंच आणि दुसऱ्या हातात सायकलची घंटी. सायकल नाही, नुसती घंटी. एक घंटी म्हणजे थांबा. दोन घंट्या म्हणजे चला. मधे कुणी गप्पा मारत घुटमळलं की मागून आवाज यायचा, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे!" उघड्या माळावर आत जागा कुठे असते ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

प्रत्येक मुलाला ते पुठ्ठ्याचं एक तिकीट द्यायचे. एक पक्षी दिसला की एक भोक. सुट्टी संपेपर्यंत ज्याच्या तिकिटाची चाळण होईल त्याला बक्षीस काय, असं माझ्या मुलीने विचारलं तेव्हा आबा गोंधळले. "बक्षीस कसलं? प्रवास झाला ना?"

पक्ष्यांची नावं त्यांना येत नव्हती असं नाही, पण त्यांना स्वतःची वर्गवारी जास्त भरवशाची वाटायची. आकाशात भिरभिरणाऱ्या पाकोळ्या म्हणजे विनाथांबा. तारेवरून उठून माशी पकडून पुन्हा त्याच तारेवर येणारा वेडा राघू म्हणजे शटल. दर दोन हातांवर टेकणारा चतुर म्हणजे हात दाखवा गाडी थांबवा. कलकलाट करत, एकमेकांच्या अंगावर पडत झुडपाखालून जाणारे सातभाई म्हणजे काळीपिवळी जीप. भरलेली असली तरी आणखी दोघांना घेते आणि आत भांडण चालूच. टिटवीचा मात्र त्यांना मनापासून राग होता. ती ओरडली की आबा नकळत बॅगेवर हात ठेवायचे. "तपासणी पथक," ते पुटपुटायचे. "काही चूक नसली तरी ओरडणार."

आणि एखादा पक्षी अजिबात ओळखू आला नाही, तर त्यांच्याकडे हुकमी उत्तर होतं. "तो आपल्या रूटचा नाही."

माझ्या नवऱ्याने त्या वर्षी दुर्बीण घेतली होती आणि मोबाइलमध्ये पक्षी ओळखायचं ॲपही भरलं होतं. एका पहाटे बोरीवर पांढरीशुभ्र लांब रिबिन फडकावीत एक पक्षी आला. नवरा इतका हरखला की दुर्बीण उलटी धरून बघत राहिला. मग मोबाइल बघून म्हणाला, "आबा, स्वर्गीय नर्तक आहे हा! स्वर्गीय नर्तक!" आबांनी शांतपणे पंच टिकटिकवला. तोवर पक्षी गेलेला होता. "असेल," ते म्हणाले. "पण थांबत नाही. थांबत नाही त्याच्या नावाचा आपल्याला काय उपयोग?" तरी मुलांच्या तिकिटांना त्यांनी भोकं पाडली. नवऱ्यानेही तिकिटासाठी हात पुढे केला. त्याला मिळालं नाही, कारण तिकीट फक्त हाफला होतं आणि तो फुल होता.

चुकायचेही भरपूर. एकदा एका विजेच्या खांबावर त्यांना घुबड दिसलं. एक घंटी. सगळी फेरी उभी. घुबड काळंभोर, मान आत घातलेली, हलायला तयार नाही. आम्ही माना मोडेपर्यंत बघत राहिलो. शेवटी एका बापाने धीर करून म्हटलं, "आबा, ती प्लॅस्टिकची पिशवी वाटतेय हो." आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने सुट्टे पैसे मागितले असावेत. "थांबा जरा. सुटेल." तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि पिशवी खरोखरच फडफडत खांबावरून निघून नाल्याकडे गेली. "सुटलं का नाही?" आबा म्हणाले आणि त्यांनी दोन घंट्या दिल्या. त्या दिवशी तिकिटाला पडलेलं भोक माझी मुलगी आजही घुबडाचं म्हणूनच दाखवते.

माझ्या सासूबाई या सगळ्या प्रकाराच्या पक्क्या विरोधात होत्या. त्यांचं माहेर पिंपळनेरकडचं, तिथल्या अर्ध्या गावाला आबांनी कधी ना कधी तिकीट फाडलेलं. त्यामुळे फाटकाशी गाठ पडली की दोघं अहिराणीत शिरायचे.

"अक्का, येवा ना रविवारले."

"चिड्या देखाले? आमना गावले चिड्याच आमले देखाले येतस!"

"मंग निदान फिराले येवा. पाय मोकळा व्हतीन."

"मना पाय मोकळाच शेतस. त्या उठतस नही, तेच दुखनं शे."

सासूबाईंच्या गुडघ्यांची गोष्ट खरी होती. एकदा बसल्या की त्यांना उठवायला दोन माणसं लागायची, आणि म्हणून कुठेही बसण्याआधी त्या फार विचार करायच्या. हे मी उगाच सांगत नाही, पुढे लागणार आहे.

आबांची सगळ्यांना पाठ असलेली एक गोष्ट होती, बोर्डाची. ऐन उमेदीत ते धुळे-पिंपळनेर गाडीवर होते. एका दुपारी गाडी साक्रीला लागली, बघतात तर कुणीतरी काचेमागे भलताच बोर्ड अडकवलेला. गाडी पिंपळनेरची, बोर्ड शिरपूरचा. आबांनी घंटी द्यायला साफ नकार दिला. ड्रायव्हर म्हणाला, सगळ्यांना माहीत आहे गाडी कुठे जाते. प्रवासी म्हणाले, आम्हाला चालतंय. गाडीत एक नवरदेव होता मुंडावळ्यांसकट, तो रडकुंडीला आला. आबा म्हणाले, बरोबर बोर्ड येईपर्यंत गाडी सुटणार नाही. बोर्ड आला, गाडी सुटली, मुहूर्त टळला होता. "मुहूर्त काय, दुसरा मिळतो," असं म्हणून आबा इथे नेहमी थांबायचे आणि मग आवाज उतरवून पुढचं सांगायचे. त्याच्या आदल्याच वर्षी चुकीचा बोर्ड वाचून एक बाई तान्हं लेकरू घेऊन त्यांच्या गाडीत बसली होती. जायचं पिंपळनेरला, उतरली शिरपूरला, संध्याकाळची. "मला म्हणाली, भाऊ, बोर्ड वाचूनच बसले ना मी? मला तोंड वर करता येईना." तिला त्यांनी स्वतःच्या आत्याकडे मुक्कामाला ठेवलं आणि सकाळी पोचवलं. "माणूस आपल्या बोर्डावर विश्वास ठेवून चढतो," ते म्हणायचे. एवढं बोलून झालं की आबा कुणाच्याच नजरेला नजर द्यायचे नाहीत, आणि आम्हीही मग चहा गार होतोय वगैरे म्हणायचो.

आता चिंचेकडे येते. त्या चिंचेवर वाघळांची वस्ती होती. मोठाली, तांबूस मानेची वटवाघळं दिवसभर उलटी टांगलेली, संध्याकाळ झाली की निघायची. आबांची ती रातराणी, रात्रभर धावणारी गाडी. ती सुटताना बघावी म्हणून त्यांनी कितीदा सांगितलं, पण संध्याकाळी मालिका असतात, मुलांना न्यायचं तर वास येतो, आणि वाघळांविषयी लोकांच्या मनात काय काय असतं. आबा एकटेच चिंचेखाली उभे राहायचे, घड्याळ बघायचे आणि दोन घंट्या द्यायचे. बायको गेल्यापासून त्यांच्या घरी संध्याकाळी कुणी वाट बघणारं नव्हतं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती घंटी ऐकू यायची आणि वाईट वाटायचं, एवढंच.

कॉलनीचे अध्यक्ष म्हणजे शेठजी. मूळचे राजस्थानकडचे, तीन पिढ्यांचं कापड दुकान, माणूस दिलदार. गणपतीत पडदे, सतरंज्या सगळं त्यांच्याकडून. पण त्यांनी पांढरी गाडी घेतली. आणि चिंचेची एक फांदी बरोबर त्यांच्या गाडीच्या जागेवर यायची. रोज सकाळी पांढऱ्या गाडीवर वाघळांचा रात्रीचा हिशोब. शेठजींनी आधी गाडीला कव्हर घातलं, मग कव्हरला कव्हर घातलं. शेवटी कमिटीत ठराव झाला, परवानगीचा कागदही आला, आणि सोमवारी सकाळी झाड उतरवायला माणसं ठरली.

शुक्रवारी आबा दुकानात गेले. मी तिथे परकराचं कापड घेत होते, म्हणून हा संवाद मला अक्षरशः ऐकायला मिळाला.

"शेठजी, एकदा सुटताना बघा. मग तोडा."

"आबा, अपने को झाडाशी दुश्मनी नाही. पण कॉलनीत एक तरी मोठा माणूस आहे का ज्याला ही वाघळं पाहिजेत? पोरांचं सोडा, पोरं तर माकडवाल्यामागेही धावतात."

"आहेत."

"तर मग आणा. रविवारी सायंकाळी झाडाखाली पंचवीस मोठी माणसं उभी करा. मी स्वतः येऊन मोजतो. पंचवीस भरली, तर झाडाला हात लावणार नाही. नाही भरली तर सोमवारी कुऱ्हाड. बात खतम."

आबांनी मान डोलावली, पण पायऱ्या उतरताना त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली होती, आणि पहिल्या हाताची बोटंही पुरी होत नव्हती.

मी म्हटलं, ग्रुपवर टाकते मेसेज. आबा म्हणाले, नको. मोबाइलवर लोक काहीही लिहितात. फळ्यावर लिहिलं की जबाबदारी येते. आमच्या कॉलनीच्या सभागृहाबाहेर एक काळा फळा आहे, नळाच्या पाण्याच्या वेळा लिहितात तो. रविवारी दुपारी जेवण करून आबा तिथे गेले आणि त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात, डेपोत लिहायचे तसं, लिहिलं:

"आज रविवार. नाल्याकाठच्या चिंचेवरून वाघळं
ठीक साडेसात वाजता सुटतील.
लहान मुलांना पुढे बसवावे.
टॉर्च मारू नये, बुजतात.
छत्री आणावी.
मोठ्या माणसांनी अवश्य यावे."

लिहून हात झटकून ते घरी जाऊन झोपले. दुपारी दोनला सभागृहात महिला मंडळाची बैठक होती, म्हणून खिडकीतला कूलर लावला. खिडकी फळ्याच्या बरोबर वर, उजव्या कोपऱ्याला. आणि धुळ्यातला कोणता कूलर गळत नाही? टप टप करत पाण्याची एक धार फळ्याच्या उजव्या कडेने उतरली. बाकीच्या ओळी आखूड होत्या, त्या वाचल्या. पहिली ओळ कडेपर्यंत गेली होती. तिच्यातलं शेवटचं अक्षर तेवढं पुसलं गेलं.

तीनच्या सुमाराला कुणीतरी फळ्याचा फोटो काढला. चारला तो माझ्याच मोबाइलवर आला. "नाल्याकाठच्या चिंचेवरून वाघ ठीक साडेसात वाजता सुटतील. लहान मुलांना पुढे बसवावे."

साडेचारला जळगावहून माझ्या नणंदेचा फोन. "वहिनी, तुमच्याकडे वाघ सोडताहेत म्हणे. तिकीट आहे का?"

कॉलनीत दोन तट पडले. एका तटाने दारं लावून घेतली, वाळत घातलेले कपडेसुद्धा काठीने आत ओढले. दुसऱ्या तटात चर्चा रंगली. वनखात्याचेच असणार, लळिंगच्या जंगलात सोडायचे असतील, इथून जवळ पडतं. पण चिंचेवरून? वाघ झाडावर चढतो का? वाघ नाही चढत, बिबट्या चढतो. म्हणजे बिबटेच असतील, फळ्यावर जागा नसेल. छत्री कशाला? वाघासमोर एकदम छत्री उघडली की तो बिचकतो, असं एकाने ऐकलं होतं. आणि मुलांना पुढे बसवायचं यावर कुणाचंच एकमत होईना. आमच्या समोरच्या घरातल्या गृहस्थांनी पुढे बसवायला मेहुण्याला बोलावून घेतलं.

सातला मी चिंचेकडे गेले तर मोकळ्या प्लॉटवर पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खं देवपूर लोटलं होतं. छतांवर माणसं, नाल्याच्या कठड्यावर माणसं, बहुतेकांच्या हातात मिटलेल्या छत्र्या. भेळेची गाडी आली होती, कुल्फीवाला आला होता. एक वनरक्षक हातात दोरी आणि जाळी घेऊन घाम पुसत उभा होता. त्याला त्याच्या साहेबांनी पाठवलं होतं आणि साहेबांना कुणी सांगितलं ते त्याला माहीत नव्हतं. सासूबाईही आल्या होत्या. वाघ म्हटल्यावर त्यांनी गुडघ्यांचा विचार केला नाही. नवऱ्याने त्यांना चिंचेसमोर पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. शेठजी पांढऱ्या झब्ब्यात, गाडीपाशी, माणसं मोजायला सज्ज.

आणि आबा आले. खाकी शर्ट इस्त्रीचा. गर्दी बघून ते जागीच थांबले, आणि त्यांनी स्वतःलाच एक घंटी दिली. "एकवीरामातेच्या यात्रेला एवढी पब्लिक नसते," ते मला म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आपल्या वाघळांना आले हो एवढे लोक!"

मला काही सांगायचं धैर्य झालं नाही. ते काम एका तरुणाने केलं. "आबा, पिंजरा कुठे आहे?"

"कसला पिंजरा?"

त्याने मोबाइल दाखवला. आबांनी चष्मा लावून फोटो बघितला. मग ते कुणाशी न बोलता गर्दीतून वाट काढत थेट सभागृहापर्यंत गेले, ओला फळा हाताने चाचपला आणि परत आले. चेहऱ्यावरची सगळी रया गेली होती.

"बोर्ड चुकलाय," ते म्हणाले.

मी आणि नवऱ्याने त्यांना झाडामागे ओढलं. नवरा म्हणाला, "आबा, फक्त वीस मिनिटं गप्प बसा. माणसं जमलीयत. शेठजी समोर उभे आहेत. अंधार पडला, वाघळं निघाली, की आपोआप कळेल सगळ्यांना. आत्ता सांगितलंत तर लोक निघून जातील आणि उद्या सकाळी कुऱ्हाड."

"आबा, तुमच्या पाया पडते," मी म्हटलं. खरंच पडायची तयारी होती माझी.

आबांनी चिंचेकडे वर पाहिलं. वर वाघळं पंखांची उघडझाप करत जागी होत होती. एवढं मनातून काही हवं असलेला माणूस मी फार कमी वेळा पाहिलाय.

"बोर्ड वाचून चढलेत लोक," ते म्हणाले. "न सांगता गाडी सोडू?"

आणि ते चिंचेभोवतीच्या कट्ट्यावर चढले. एक घंटी दिली. प्लॉट चिडीचूप.

"मंडळी, बोर्ड चुकलेला आहे. वाघ नाहीत. वाघळं आहेत. कूलरने ळ पुसला. ज्यांना उतरायचं असेल त्यांनी उतरून घ्यावं, गैरसोयीबद्दल क्षमस्व."

मग जो गलका उठला! कुणी हसतंय, कुणी शिव्या घालतंय, कुणी शिरपूर फाट्याहून दुचाकीवर आलो म्हणून सांगतंय. मेहुण्याला पुढे बसवलेल्या गृहस्थांना मेहुणा बरंच काही बोलत होता. वनरक्षकाने सुटकेचा श्वास सोडून भेळेची ऑर्डर दिली. कडेची माणसं निघायला लागली. शेठजींनी आबांकडे पाहिलं आणि, माणूस दिलदार असला तरी, हात हलवून सांगितलं की आता जी उरतील तीच मोजणार. आबा कट्ट्यावर तसेच उभे. घंटी धरलेला हात खाली गेलेला.

तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला. माझ्या सासूबाईंचा आवाज लहान नाही.

"काय चाली ऱ्हायनं हाई? बठ्ठा कथा निंघनात? वाघ नही ते नही! मी इतली मेहनत करीसन खुर्चीवर बसनू, मी आते काही उठाव नही! वाघळं ते वाघळं, देखीसनच जासू!"

आमच्या खानदेशात म्हाताऱ्या बाईला एकटं बसवून निघून जायची रीत नाही. निघालेले दोन पावलांवर थबकले. आणि थबकलेल्या माणसाच्या मनात जे येतं ते कुणीतरी मोठ्याने बोललं.

"जाऊ द्या हो, आता आलोच आहोत तर बघून जाऊ."

पुढे हे वाक्य आगीसारखं पसरलं. आता आलोच आहोत तर. भेळ घेतलीच आहे तर. छत्री आणलीच आहे तर. बघता बघता लोक खाली बसले. पोरांना पुढे बसवलं. कुणीही टॉर्च मारली नाही.

साडेसात वाजले. आबांनी घड्याळ बघितलं, घंटी वर उचलली आणि दोनदा वाजवली. काही झालं नाही. एकजण खुदकन हसला. आबा हलले नाहीत. मग शेंड्यावरून एक वाघूळ सुटलं, सावकाश, पंख ताणून, आमच्या डोक्यांवरून रावेरच्या केळीबागेत काम निघाल्यासारखं पूर्वेकडे गेलं. मग दुसरं, मग पाच, मग सगळी चिंचच सुटल्यासारखी झाली. वर नुसते पंखच पंख, आणि त्यांचा ताडपत्री झटकल्यासारखा मऊ आवाज. मी खिडकीतून इतकी वर्षं फक्त घंटी ऐकली होती. हे पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला रडू आलं, कशाचं ते विचारू नका.

"दोन मिनिटं लेट," आबा पुटपुटले.

मी शेठजींकडे पाहिलं. ते माणसं मोजायला उभे राहिले होते, पण तोंड वर, बोट वर, ओठ हलताहेत. वाघळं मोजत होते. "बाप रे, खतमच होत नाही," ते कुणालातरी म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांच्या पांढऱ्या झब्ब्यावर वरून काहीतरी पडलं. शेठजींनी झब्ब्याकडे बघितलं, मग आबांकडे.

"छत्रीचं लिहिलं होतं," आबा म्हणाले.

शेठजींना जे हसू फुटलं ते थांबेना. सोमवारी कुणी आलं नाही. शेठजींची गाडी सभागृहामागे लागायला लागली.

त्यानंतर आमच्या चिंचेला रिक्षावालेसुद्धा वाघांची चिंच म्हणायला लागले. रोज संध्याकाळी चार माणसं यायची, रविवारी पन्नास. शेठजींनी हौसेने एक पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला. पेंटरने ऐकलं तसं रंगवलं, "वाघांची चिंच". आबा बोर्ड लागला त्याच दिवशी स्टूल घेऊन गेले आणि घ नंतर काकपद घालून वर खडूने एक ळ लिहिला. पावसाने तो धुतला. त्यांनी पुन्हा लिहिला. शेठजी म्हणाले, "आबा, राहू द्या ना आता, सगळ्यांना माहीत आहे." आबांनी त्यांना साक्रीच्या नवरदेवाची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली.

आबा गेल्या थंडीत गेले. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. सासूबाईंना मी भीतभीतच सांगितलं. त्या पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "येळवर सुटनात आबा." आबांच्या मुलीने नाशिकला परत जाताना ती सायकलची घंटी आमच्याकडे आणून दिली.

या एप्रिलमध्ये सुट्टीच्या पहिल्या रविवारी मी पर्समध्ये घंटी आणि खडू घेऊन संध्याकाळी चिंचेकडे निघाले. आदल्याच दिवशी अवेळी पाऊस शिंतडून गेला होता, बोर्डावरचा ळ गेलाच असणार हे मला माहीत होतं. जाऊन बघते तर स्टुलावर शेठजी. ड्रायव्हर स्टूल धरून उभा, पांढऱ्या झब्ब्यावर खडूची भुकटी, आणि बोर्डावर एक थोराड, जरा कललेला, आडव्या पडलेल्या इंग्रजी आठासारखा ळ.

मला बघून ते थोडे लाजले. खाली उतरून, मान वाकडी करून त्यांनी बोर्ड वाचला.

"वहिनी, बोर्ड बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग थांबलात कशाला? द्या घंटी."

मी दोनदा वाजवली. दोन मिनिटं लेट होती, पण सुटली.